बेळगावहून विमानाने जाताना: अंतर, वेळ आणि घरातून निघण्याचा हिशेब

"बेंगळूर किती लांब हाय वो आपल्याकडनं?" गावातल्या एका काकूंनी विचारलं आणि मी पटकन सांगून टाकलं, पाचशे किलोमीटर. त्यांच्या मुलीचं ऑपरेशन बेंगळूरला होतं आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. पाचशे हा रस्त्याचा आकडा. रेल्वेने तेच अंतर 611 किलोमीटर भरतं. बेळगावचा सांबरा विमानतळ ते बेंगळूरचा देवनहळ्ळीजवळचा विमानतळ अशी सरळ रेघ मारली तर ती 445 किलोमीटरच्या आसपास येते. आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर. पण काकूंच्या कामाचा त्यातला एकही नव्हता. घरातून किती वाजता निघायचं आणि दवाखान्यात किती वाजता पोचायचं, हे त्यांना हवं होतं.

मी खानापूर तालुक्यातला. गेली काही वर्षं गावातली, नात्यातली माणसं तिकीट काढायला माझ्याकडे येतात. काही चुका मी स्वतः पैसे मोजून शिकलो, काही दुसऱ्यांच्या पाहिल्या. पहिल्यांदा विमानाने निघालेल्या माणसाला त्या टाळता याव्यात म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हल्याळ या पट्ट्यातल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- जाणाऱ्या प्रत्येकाचं फोटो असलेलं ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. दोन वर्षांखालच्या बाळासाठी जन्मदाखला.
- चालू असलेला मोबाइल नंबर. विमानाची वेळ बदलली तर निरोप त्यावरच येतो. एजंटाकडून तिकीट काढताना त्याचा नंबर घालू देऊ नका, स्वतःचा घाला.
- गूगल मॅप.
- वही आणि पेन. हिशेब कागदावर मांडला की चूक दिसते.

1. आधी हवाई अंतर काढा

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं अंतर. घाट, नदी, वळणं यांचा त्याच्याशी संबंध नाही. संगणकावर गूगल मॅप उघडा, सांबरा विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. शहराच्या नावावर मारू नका, विमानतळावरच मारा. बेंगळूरचा विमानतळ शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे आकडा चांगलाच बदलतो.

इंटरनेट नसेल तरी शाळेचा नकाशा चालतो. दक्षिणोत्तर एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. बेळगाव 15.9 अंशांवर, दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांवर. फरक 12.6 अंशांचा, म्हणजे नुसत्या उत्तरेकडच्या अंतराचेच चौदाशे किलोमीटर झाले. दिल्ली थोडी पूर्वेलाही आहे, म्हणून खरा आकडा 1,430 च्या घरात जातो. मी भाच्याला हे भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर करून दाखवलं, तेव्हापासून घरातलं कुणीही निघालं की तोच अंतर काढून देतो.

सांबऱ्याहून मोजलेले हे आकडे (पाच-दहा किलोमीटर इकडे-तिकडे धरा):

- पुणे: 310
- मुंबई: 405
- हैदराबाद: 435
- बेंगळूर: 445
- दिल्ली: 1,430

बेंगळूर आपल्या राज्याची राजधानी असली तरी हवेतून मुंबई आपल्याला तिच्याहून चाळीसेक किलोमीटर जवळ आहे. अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं.

कुठे अंतर 'नॉटिकल मैल'मध्ये दिलेलं दिसलं तर 1.852 ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतील. बेंगळूरचे 240 नॉटिकल मैल म्हणजे तेच 445 किलोमीटर.

2. अंतरावरून उड्डाणाचा वेळ

इथे विमान कोणतं हे आधी बघावं लागतं. आपल्या भागात दोन जातीची विमानं येतात. पंख्यांचं एटीआर सुमारे सत्तर-ऐंशी माणसांचं असतं आणि ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं. एअरबस ए-320 सारखी जेट विमानं वर गेल्यावर ताशी 800 च्या पुढे जातात. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

मी वापरतो तो आडाखा असा:

- जेट असेल तर किलोमीटरला 800 ने भागा, येतील त्या तासांत 35 ते 40 मिनिटं मिळवा.
- एटीआर असेल तर 500 ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

बेंगळूरसाठी करून बघू. जेटने 445 भागिले 800 म्हणजे 33 मिनिटं, अधिक 35, झाला एक तास आठ मिनिटं. एटीआरने 53 मिनिटं अधिक 30, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं. दिल्ली जेटने 107 मिनिटं अधिक 40, जवळजवळ अडीच तास. तिकिटावरच्या वेळा याच्याच आगेमागे असतात.

वर मिळवलेला अर्धा-पाऊण तास कशाचा, असं लोक विचारतात. विमान जागेवरून हललं की आधी जमिनीवर धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं. ते वाऱ्याच्या तोंडाला उडतं, त्यामुळे जायचं आग्नेयेला असलं तरी उड्डाण पश्चिमेकडे होऊन मग वळण घ्यावं लागतं. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो. उतरल्यावर पुन्हा थांब्यापर्यंत चालत जाणं आलंच. अंतर कमी असलं तरी हा वेळ कमी होत नाही. म्हणून दिल्लीचं अंतर बेंगळूरच्या तिपटीहून जास्त असूनही वेळ दुपटीच्या आसपासच लागतो.

मुंबईचं गणित मात्र या आडाख्यात नीट बसत नाही. अंतर बेंगळूरपेक्षा कमी, पण तिकिटावरचा वेळ तेवढाच किंवा जास्त. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि विमानांची रांग लागते. कधी कधी समुद्रावर घिरट्या घालत थांबावं लागतं. कंपन्या तो वेळ धरूनच वेळापत्रक बनवतात. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला खाली तेच पाणी पुन्हा पुन्हा दिसलं की भीती वाटते. काही बिघडलेलं नसतं, उतरायला नंबर लागलेला असतो.

3. तिकिटावरची वेळ वाचायला शिका

तिकिटावर सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची आणि पोचण्याची वेळ म्हणजे दुसरीकडे जागेवर थांबण्याची. या मधल्या वेळेला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, नवव्या पायरीत त्याच्यावरच पैशाचा हिशेब आहे.

इथे सापडणारे सापळे सांगतो.

पहिला मध्यरात्रीचा, आणि सगळ्यांत महाग पडणारा. घड्याळ 24 तासांचं असतं. '15 तारीख, 00:30' असं लिहिलेलं विमान 14 तारखेला रात्री जेवण झाल्यावर गाठायचं असतं. आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा मुंबईहून सुटणाऱ्या अशाच विमानासाठी 15 तारखेला रात्री बॅग घेऊन उभा राहिला. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. रात्री बारा ते पहाटे तीनच्या मधलं तिकीट असलं की वहीत 'आदल्या रात्री निघायचं' असं मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरा सापळा परदेशी जाणाऱ्यांसाठी. वेळ नेहमी त्या-त्या गावची लिहिलेली असते. मुंबई-दुबई हवाई अंतर 1,930 किलोमीटरच्या आसपास, आडाख्याने तीन तास होतात. पण तिकिटावर सकाळी 10:00 ला सुटून 11:40 ला पोचतं असं दिसेल. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा वाटतो. खरा तीन तास दहा मिनिटांचा. येताना उलट होतं, प्रवास साडेचार तासांचा दिसतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन वेळेवर घेणाऱ्यांनी हा फरक आधीच काढून ठेवावा.

तिसरा, 'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' हे एक नाही. डायरेक्ट विमानाचा नंबर एकच राहतो, पण मध्ये ते एखाद्या गावी उतरू शकतं. थांबे शून्य लिहिले असतील तरच ते सरळ जातं.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. चतुर्थीला घरी आलेल्या पाहुण्याने सांगितलेल्या वेळेवर दिवाळीनंतर विसंबू नका.

4. विमानतळ कुठला, हे घराच्या पत्त्यावरून ठरवा

आपण सीमाभागातली माणसं चार-पाच विमानतळांच्या मध्ये राहतो. याचा फायदा घ्यायला हवा, आणि तो घेतला जात नाही. बेळगाव जिल्हा म्हणून सगळे सांबऱ्याचंच तिकीट शोधतात.

सांबरा. शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, बागलकोट रस्त्याला. 1942 साली महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलाने बांधलेला हा तळ. हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आजही तिथे आहे, म्हणून आवारात फोटो काढताना जपून. आजची टर्मिनल इमारत 2017 ची. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, गोकाक यांना हाच जवळचा. इमारत लहान आहे, चालावं फार लागत नाही, माणसं विचारलं तर सांगतात. म्हाताऱ्या माणसाचा पहिला प्रवास इथूनच व्हावा असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूर, म्हणजे उजळाईवाडी. निपाणीकरांसाठी हा चाळीसेक किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून. निपाणीहून सांबरा त्याच्या दुप्पट लांब, शिवाय शहर ओलांडावं लागतं. संकेश्वर, चिकोडीवाल्यांनी दोन्हीकडची तिकिटं बघूनच ठरवावं.

हुबळी. गोकुळ रोडला, बेळगावपासून शंभरेक किलोमीटर, रस्ता चांगला. हल्याळ, कित्तूर भागाला सोयीचा. सांबऱ्याचं विमान भरलेलं असलं की मी आधी इथे बघतो.

गोवा. इथे नीट लक्ष द्या, कारण गोव्यात विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळी, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड जीओआय. नवा मोपा, कोड जीओएक्स, जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेला, गोव्याच्या उत्तर टोकाला. दोघांच्या मध्ये अख्खा गोवा आहे. बेळगावहून मोपा आंबोलीमार्गे किंवा चोर्ल्यातून अडीच-तीन तासांवर. तिकीट बरेचदा स्वस्त मिळतं आणि परदेशी विमानंही असतात. पण जून ते सप्टेंबर घाटाचा भरवसा धरू नका. झाड पडलं, दरड आली, धुकं दाटलं की तीनचे पाच तास होतात. पावसाळ्यात मी स्वतः गोव्याहून विमान धरत नाही. कारवार, जोयड्याकडच्या लोकांची गोष्ट वेगळी, त्यांना गोवाच जवळ.

मुंबईलाही आता तेच झालं आहे. जुना विमानतळ सहार-सांताक्रूझचा, आणि 2025 च्या डिसेंबरात सुरू झालेला नवी मुंबईचा, कोड एनएमआय. मुलगी बोरिवलीला राहते आणि तिकीट नवी मुंबईचं काढलं, तर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातील आणि दोन तासही.

सांबऱ्याची विमानं मध्येच सुरू होतात नि मध्येच बंद पडतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्याचं एक कारण समजून घ्या. लहान शहरांसाठीच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत 2019 च्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाला. या योजनेत कंपनीला एखाद्या मार्गावर मिळणारी मदत तीन वर्षांपुरती असते. मदत संपली की मार्ग स्वतःच्या कमाईवर चालवायचा, नाही परवडला तर बंद. म्हणून गेल्या वर्षी होतं ते विमान यंदाही असेल असं धरून लग्नाच्या तारखा ठरवू नका.

5. घर ते घर हिशेब मांडा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. खानापूरजवळच्या गावातून बेंगळूरच्या जयनगरला जायचं आहे, असं धरून वहीत मांडतो:

- घर ते सांबरा, पिरनवाडीपासून शहराची गर्दी धरून: 1 तास 15 मिनिटं
- विमान सुटण्याआधी विमानतळावर: 1 तास 45 मिनिटं
- उड्डाण: 1 तास 15 मिनिटं
- उतरून बॅग हातात येईपर्यंत: 30 मिनिटं
- देवनहळ्ळी ते जयनगर: दीड तास, संध्याकाळी त्याहून जास्त

बेरीज सव्वासहा तास. 'तासाभरात बेंगळूर' म्हणतात तो तास यातला एक हिस्सा आहे, पाचवा भाग.

वंदे भारत बेळगाव ते बेंगळूर साधारण साडेआठ तासांत जाते. दोन्हीकडचं येणं-जाणं धरलं तर साडेदहाच्या आसपास. म्हणजे विमानाने खरे चार तास वाचतात, सात नव्हेत. आता हे चार तास तुमच्यासाठी किती मोलाचे, ते तुम्ही ठरवा. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आणायचं असेल तर विमान, यात मला शंका नाही. सकाळी दहाला कचेरीत हजर व्हायचं असेल तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बरी. झोपून जाता, एका दिवसाची रजा आणि एका रात्रीचं लॉज दोन्ही वाचतं. दिल्लीला मात्र तुलनाच नको, रेल्वेने दीड दिवस लागतो.

उलटा हिशेबही करा. दवाखान्यातली वेळ दुपारी तीनची असेल तर वरच्या यादीत खालून वर या. तीनमधून दीड तास वजा, मग अर्धा, मग सव्वा. विमान पावणेबाराच्या आधी सुटणारं हवं. त्यात तासभर उशिराची जागा ठेवा, म्हणजे पावणेअकराच्या आधीचं शोधा. काकूंसाठी आम्ही असंच केलं. विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं, तरी त्या वेळेत पोचल्या.

देवनहळ्ळीहून शहरात यायला वायुवज्र बस रात्रंदिवस असतात. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त, सामान ठेवायला जागा, आणि बाईमाणसाला एकटीने यायला मला त्याच जास्त भरवशाच्या वाटतात.

6. मध्ये विमान बदलायचं असेल तर

माझ्या चुलतभावाला आखातात नोकरी लागली. पैसे वाचवायचे म्हणून मीच त्याची दोन वेगळी तिकिटं काढली, बेळगाव-मुंबई एक आणि मुंबईहून पुढचं दुसरं. मध्ये सव्वादोन तास होते. पहिलं विमान दीड तास उशिरा निघालं. मुंबईत उतरून, बॅग घेऊन, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत काउंटर बंद झाला होता. पहिल्या कंपनीने आम्ही तुम्हाला मुंबईत पोचवलं असं सांगितलं. दुसरीने तुम्ही वेळेवर आला नाहीत असं सांगितलं. नियमाने दोघांचंही खरं होतं. नवं तिकीट जवळजवळ दुप्पट भावाने घ्यावं लागलं, आणि त्याचे ते पहिल्या पगारातून फिटले. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून:

- दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर नंबरवर घ्या. मग पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवणं कंपनीवर येतं. बॅगही बहुधा थेट पुढे जाते, बेळगावलाच विचारून घ्या.
- वेगळीच घ्यावी लागली तर देशातल्या देशात मध्ये किमान तीन तास आणि परदेशी विमानासाठी सहा तास ठेवा. पावसाळ्यात आदल्या दिवशी जाऊन राहणं उत्तम.
- टर्मिनलचा नंबर दोन्ही तिकिटांवर बघा. मुंबईत टी-1 विलेपार्ल्याकडे, टी-2 अंधेरीकडे, आणि आतून चालत जाता येत नाही.

7. नाव तिकिटावर आणि कागदावर एकच हवं

देशातल्या बाकी लोकांना जाणवणार नाही अशी ही आपल्या भागाची अडचण आहे. आपल्याकडे एका माणसाची कागदपत्रं तीन पद्धतींनी लिहिलेली असतात. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसऱ्या कागदावर आद्याक्षरं आधी आणि नाव शेवटी. कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना स्पेलिंग तिसरंच. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाची किती स्पेलिंगं असतात ते त्यालाच विचारा. बायकांचं माहेरचं नाव एका कार्डावर, सासरचं दुसऱ्यावर.

उपाय सोपा आहे. जे ओळखपत्र दारावर दाखवणार, ते समोर ठेवून त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तिकिटावर घाला. तोंडी सांगून तिकीट काढू नका. परदेशी जाताना पासपोर्टवरचंच नाव, दुसरं काही नाही. चूक झालीच तर त्याच दिवशी कंपनीला फोन करा. एखाद-दोन अक्षरं लवकर दुरुस्त होतात, विमानतळावर गेल्यावर मात्र अडतं.

8. सामान

देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली चालते, पण आपल्या तिकिटावर काय लिहिलं आहे ते वाचा. घरीच वजन करा. किराणा दुकानदार ओळखीचा असतोच.

आपली माणसं काय नेतात हे मला माहीत आहे, म्हणून थेट सांगतो. कुंदा आणि गोकाकचा करदंट हातातल्या बॅगेत चालतो. संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि लोणचं हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत घालू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि काढून घेतात. आईने बांधून दिलेल्या वाट्या डोळ्यांदेखत टाकून द्याव्या लागतात. पॉवर बँक उलट, ती मोठ्या बॅगेत अजिबात नको, हातातच हवी.

9. त्या दिवशी, आणि उशीर झाला तर

आदल्या दिवशी मोबाइलवर वेब चेक-इन करा, म्हणजे आपण येतोय अशी नोंद करून बोर्डिंग पास घेऊन ठेवा. मोठ्या बॅगेचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद करतात आणि विमानाचं दार 25 मिनिटं आधी. सुटायची वेळ गाठून भागत नाही, काउंटरची वेळ गाठायची असते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ती मागायला लाजू नका, बेंगळूर-दिल्लीला फार चालावं लागतं.

निघण्याआधी घरातून विमानाची स्थिती बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावचे ढग खाली येतात, समोरचं दिसत नाही, आणि विमान उतरू न शकल्याने दुसऱ्या गावी वळवलं जातं. अशा वेळी वैमानिकावर रागावू नये. तो आपल्या जिवासाठीच परत फिरतो.

आता ब्लॉक टाइमचा पैशाशी संबंध. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे:

- अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचं विमान दोन तास किंवा जास्त उशिरा असेल तर वाट बघताना खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या विमानाला ही मर्यादा तीन तासांची.
- वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर परतावा किंवा दुसरं विमान, आणि शिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या विमानाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांना 7,500, दोन तासांच्या वर 10,000. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते.

बेळगाव-बेंगळूर तासाच्या वर जातं, म्हणून ते मधल्या गटात. दिल्लीचं अडीचच्या सीमेवर आहे, तिथे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून बघा, पाच मिनिटांनी गट बदलतो. हवामानामुळे रद्द झालं तर ही भरपाई मिळत नाही, पण परतावा किंवा दुसरं विमान मागायचा हक्क राहतो. काउंटरवर कारण लेखी मागा. ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार होते. तक्रारीआधी महासंचालनालयाचं ताजं पत्रक एकदा वाचा, रकमा बदलू शकतात.

10. घ्यायला येणाऱ्याला कोणती वेळ सांगायची

तिकिटावरची पोचण्याची वेळ सांगू नका. त्यात अर्धा तास मिळवून सांगा, मोठी बॅग नसेल तर पंधरा मिनिटं. विमानाचा नंबर पाठवा, म्हणजे त्यांना मोबाइलवर ते कुठे आहे हे दिसतं. विमानतळाचं नाव आणि टर्मिनल लिहा, नुसतं 'गोव्याला उतरतोय' किंवा 'मुंबईला येतोय' नको. फोन न वापरणारं वडीलधारं माणूस एकटं येत असेल तर हे सगळं एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये, घ्यायला येणाऱ्याच्या नंबरासह लिहून त्यांच्या खिशात द्या. काकूंच्या पिशवीत तो कागद होता. बेंगळूरला उतरल्यावर त्यांनी तो तिथल्या एका कर्मचारी मुलीला दाखवला, आणि तिने त्यांना दारापर्यंत आणून जावयाच्या हाती सोपवलं.